घंटेवाल्याचा तिसरा घाव

घंटेवाला पहिल्याच डावात मेला आणि फातिमा टीचरांनी कंट्रोलर खाली ठेवला. रविवारची सकाळ, साडेदहाची वेळ, खारघरच्या अकराव्या मजल्यावरचा हॉल, मांडीवर उशी आणि उशीवर मुलाच्या, उसामाच्या, व्हिडिओ गेमचा जुना कंट्रोलर. समोर टीव्हीवर तो धिप्पाड म्हातारा, साखळीला बांधलेली घंटा गरगर फिरवणारा, गेल्या अडीच महिन्यांत टीचरांना दोनशे सतरा वेळा मारून मोकळा झालेला. तो गुडघ्यावर आला, कलंडला आणि त्याची राख झाली. पुलाचं फाटक उघडलं. आनंदानं ओरडायचं राहिलंच बाजूला, टीचरांना वाटलं, आपल्याला कुणीतरी मागून ढकललं. काल दुपारपर्यंत अंगाला हात लावू न देणारा हा बाबा आज एकाएकी एवढा सरळ कसा झाला? त्यांनी तर नवीन काहीच केलं नव्हतं. पहिला घाव, घंटा वाजली, लोळण. दुसरा घाव, घंटा वाजली, लोळण. तिसरा घाव, घंटा वाजली, आणि टीचर चक्क वाचल्या. नेमक्या याच जागी दोनशे सतरा वेळा मेलेल्या बाईला वाचल्याची भीतीच वाटणार, दुसरं काय! "उसामा," त्यांनी हाक मारली, "अरे इकडे ये, याला काहीतरी झालंय."

उसामा ब्रश तोंडात धरूनच आला. सत्तावीस वर्षांचा घोडा, ऐरोलीच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो, पण रविवारी दहापर्यंत दात घासत नाही. उघडलेलं फाटक बघून त्यानं ब्रश काढला. "अम्मी! मारलंस त्याला? एका फटक्यात?" मग त्याला काहीतरी आठवलं, त्यानं फोन काढला आणि वाचू लागला. रात्री गेमचं अपडेट आलं होतं. बनवणाऱ्यांनी खाली दुरुस्त्यांची यादी दिली होती. नववी की दहावी ओळ: घंटेवाल्याचा तिसरा घाव आवाजाच्या आधीच लागत होता, ते दुरुस्त केलं आहे. "बघ!" उसामा नाचायचाच बाकी होता. "मी काय बोलत होतो? हे कठीण नाही, हे गंडलेलं आहे. तुझी चूक नव्हतीच, अम्मी. त्यांचीच होती." स्वयंपाकघरातून अमरीन, त्याची बायको, ओरडली, "अम्मी जिंकल्या? मग आज पापलेट पायजे हां!" टीचर म्हणाल्या, "परत वाच." त्यानं वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचताना त्याचा आवाज जरा खाली आला, कारण अम्मीचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

हे गेमचं खूळ मुळात मनगटामुळे लागलं. पावसाळ्याच्या आधी बाथरूममध्ये पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडाची झाली होती. व्यायाम करून घेणाऱ्या पोरीनं रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाली. पस्तीस वर्षं खडू धरलेल्या बाईला चेंडू दाबत बसायचं म्हणजे शिक्षाच. चौथ्या दिवशी तो चेंडू सोफ्याखाली गेला आणि तिथेच राहिला. मग उसामानंच कंट्रोलर हातात दिला. "बोटं हलव, टाइमपास कर, टेन्शन नको घेऊ." त्याला वाटलं, अम्मी दोन दिवस फळं कापायचा गेम खेळेल. टीचरांनी त्याच्या यादीतला सगळ्यात अवघड गेम काढायला लावला. सोपं काही करायची त्यांना सवयच नव्हती. शाळेत त्यांच्या पेपरला नावच पडलं होतं, 'सरखोत टीचरचा पेपर'. पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी देवळात नारळ फोडायची, आणि टीचरांना ते कळलं की त्या मनातून फुलायच्या. कठीण असतं ते चुकीचं नसतं, आपण कच्चे असतो. हे वाक्य त्यांनी किती वर्गांत किती वेळा म्हटलं असेल, अल्ला जाणे.

आणि खरंच, त्या गेममध्ये पुलाच्या आधी जे जे होतं ते कठीणच होतं, पण कसं, तर सरळ. जंगलात दोन लांडगे होते, त्यांनी चाळीस वेळा फाडलं. पण दर वेळी मरताना कळायचं, आपण आधाशासारखे पुढे गेलो, आपण पाठ दाखवली, आपली नजर एकावरच राहिली. एकेचाळिसाव्या वेळी दोघेही लोळले तेव्हा टीचरांनी सोफ्यावर मूठ आपटली होती, दुखऱ्याच हाताची. मार खाल्ला तर काहीतरी पदरात पडायचं. घंटेवाल्यापाशी मात्र पदर रिकामाच. पहिले दोन घाव चुकवता यायचे, तिसऱ्याला घंटा ऐकून लोळण घेईपर्यंत आपण मेलेलो. का मेलो ते कळायचं नाही. टीचरांनी दर मरणाची एक उभी रेघ कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मारायला सुरुवात केली. चार उभ्या, एक आडवी. जूनचं पान भरलं, जुलैचं भरलं. उसामा म्हणायचा, "अम्मी, सोड ना. हा बॉस भिकार बनवलाय. मला पण नाही जमला." टीचर म्हणायच्या, "तुला पाढे पण नाही जमले." हे बोलणं त्याला लागायचं. आईच्याच शाळेत, आईच्याच वर्गात नववी काढलेला पोरगा तो. बारावीनंतर त्यानं गणिताचं पुस्तक हातात घेतलं नाही, आणि टीचरांनी त्याचाही अर्थ एकच लावला होता: कच्चा राहिला.

आता आठवून त्यांना चटका बसत होता तो याचा की अडीच महिने त्यांनी एकदासुद्धा घंटेवाल्यावर संशय घेतला नाही. संशय घेतला तो स्वतःवर. आधी मनगटावर, मग बोटांवर, मग कानांवर. कुणाला न सांगता त्या रिक्षा करून कानाच्या डॉक्टरकडे गेल्या, काचेच्या खोलीत बसून बारीक बारीक आवाजांना बोट वर करून आल्या. "कान तरुण मुलीसारखे आहेत हो तुमचे," डॉक्टर म्हणाला. म्हणजे मग डोकंच मंद झालं असणार. साठी बुद्धी नाठी. एक दिवस त्यांनी नेटवर इतरांनी काय लिहिलंय ते वाचलं. कुणीतरी बिचाऱ्यानं विचारलं होतं, तिसरा घाव कुणाला अन्यायाचा वाटतो का? खाली पोरांनी त्याला फाडून खाल्लं होतं. जमत नसेल तर सोड. रडू नको, शिक. आम्ही शिकलो तसा. गेम बरोबर आहे, तू कच्चा आहेस. टीचरांना ते वाचून बरं वाटलं होतं! कुठल्या कुठल्या गावची पोरं, चेहरा ना ओळख, आणि बोलणं थेट आपल्या वर्गातलं. कशी बरं वाटली ही भाषा? सोफ्यावर बसल्या बसल्या टीचरांची कानशिलं तापायला लागली. तो विचारणारा बरोबर होता. दोनशे सतरा रेघांमधली एकही रेघ त्यांची नव्हती. आणि बनवणाऱ्यांचं काय गेलं? एक ओळ लिहिली, मोकळे झाले.

एक ओळ. चूक दुरुस्त केली आहे. कोण कोण किती किती वेळा मेलं, त्याला आता कोण विचारतो? टीचर उठून पाणी प्यायला गेल्या आणि फ्रिजच्या दारापाशीच थबकल्या. पाचवा प्रश्न. कुठून आला हा मध्येच? बाटली हातात तशीच राहिली. पाचवा प्रश्न म्हणजे टीचरांच्या नोकरीतला मानाचा तुरा. एकोणिसशे नव्याण्णव, नववीची वार्षिक परीक्षा, बीजगणित, प्रश्न पाचवा, गुण पाच: एका आयताची परिमिती अठ्ठावीस सेंटिमीटर आणि क्षेत्रफळ पन्नास चौरस सेंटिमीटर आहे, तर लांबी व रुंदी काढा. त्रेसष्ट मुलं बसली होती. एकालाही उत्तर आलं नाही. दर वर्षी नव्या नववीला पहिल्या तासाला त्या ही गोष्ट सांगायच्या. निरोपसमारंभात माईक हातात घेऊन सांगितली होती, आकड्यांसकट, आणि सगळं सभागृह हसलं होतं. चोवीस वर्षं गोष्ट सांगितली. गणित एकदाही सोडवलं नव्हतं.

ते कसं राहिलं, तेही आता पाण्यात पडलेल्या नाण्यासारखं स्वच्छ दिसत होतं. पाठ्यपुस्तकात हाच आयत होता, क्षेत्रफळ अठ्ठेचाळीस, उत्तर आठ आणि सहा. पोरांनी गाईडमधून उत्तर घोकलेलं असणार, म्हणून टीचर नेहमी आकडे बदलायच्या. त्यांनी अठ्ठेचाळीस खोडून पन्नास केलं. पेपर काढणाऱ्यानं तो स्वतः सोडवून, उत्तरं जोडूनच पाकीट लाखेनं बंद करायचं, ही शाळेची रीत होती. त्या रात्री चार प्रश्न सोडवून झाले आणि पाळण्यातला उसामा तापानं फणफणला. पाचव्याची जागा कोरी ठेवून पाकीट बंद झालं. नंतर बघू. दोनाचा तर फरक, गोल आकडा, त्यात काय बिघडणार होतं? टीचरांनी अमरीनच्या सामानाच्या यादीचा कागद ओढला आणि उभ्या उभ्याच ओट्यावर सोडवायला घेतलं. परिमिती अठ्ठावीस, म्हणजे लांबी-रुंदीची बेरीज चौदा. गुणाकार पन्नास पाहिजे. आठ आणि सहा, अठ्ठेचाळीस. नऊ आणि पाच, पंचेचाळीस. सात आणि सात, एकोणपन्नास. साडेसात आणि साडेसहा, परत खाली. सात-सातच्या वर जातच नाही. पन्नास होतच नाही! जगात कुठे असा आयत नाही, कधी नव्हता. "या अल्ला," त्या मोठ्यानं म्हणाल्या. अमरीननं कांदा चिरता चिरता वर पाहिलं. "काय झालं, अम्मी? हात दुखतोय का?"

हात नाही गं बाई. हाताचं कोण रडतंय! त्यांना आता एक उत्तरपत्रिका दिसत होती. नमिता तांडेल. करावे गावातली कोळ्यांची मुलगी, शेवटच्या बाकावर बसायची, वेण्यांना खाडीचा वास, अक्षर उभं आणि दाबून काढलेलं. गाईडवाल्यांनी डोळे झाकून आठ आणि सहा लिहिलं होतं, बाकीच्यांनी पानभर खाडाखोड केली होती. नमितानं तीन ओळी लिहिल्या होत्या. बेरीज चौदा पाहिजे. सात-सात घेतले तरी एकोणपन्नासच होतात. असा आयत नसतो. टीचरांनी ते वाचलं होतं. नाही वाचलं असं नाही, वाचलं होतं! आणि तिरपी लाल रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, 'पळवाट काढू नये'. भोपळा. बेरीज झाली बत्तीस, पासाला पस्तीस. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून नववीतच चाळण लावायची, ही तेव्हाची पद्धत. नमिता चाळणीखाली गेली. जूनमध्ये बापानं तिला परत शाळेत पाठवलं नाही. चित्रकलेचे बाबासो सर एकदा स्टाफरूममध्ये दबकत म्हणाले होते, "मॅडम, त्या पाचव्याचं उत्तर येत नाही हो, मी रात्री बसून बघितलं." त्यावर टीचर काय म्हणाल्या? "चित्रकलेवाल्यांना बीजगणिताचे डोहाळे कधीपासून?" सगळी स्टाफरूम हसली. बाबासो पण हसले. कागद पुढे ओढून दोन मिनिटं बघितलं असतं तरी निकाल लागायला अजून आठवडा होता.

आणि गंमत, गंमत कसली, थट्टाच म्हणायची नशिबाची, ती नमिता इथे खारघरच्याच मासळी बाजारात बसते. टीचर गेली अकरा वर्षं तिच्याकडूनच मासळी घेतात. ती "टीचर" म्हणून उठून उभी राहते, पापलेट वरचं नाही, टोपलीतलं खालचं काढून देते, वर मूठभर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घालते. सात गिऱ्हाइकांचे हिशेब एका वेळी तोंडी करते. टीचर शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "माझी विद्यार्थिनी हो. हुशार, पण अभ्यासात लक्ष नव्हतं." हे त्या तिच्यासमोर म्हणायच्या! आणि ती खाली मान घालून खवले काढायची. टीचरांनी पिशवी उचलली, सामानाच्या यादीचा तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. उसामा म्हणाला, "मी सोडतो ना बाइकवर." त्याच्याकडे बघून टीचर थांबल्या. "उसामा, तू म्हणत होतास ते बरोबर होतं." "कशाचं? घंटेवाल्याचं?" "घंटेवाल्याचं पण," टीचर म्हणाल्या आणि लिफ्टकडे निघाल्या. उसामा दारात ब्रश धरून उभा राहिला. असलं वाक्य त्यानं या घरात आजवर ऐकलं नव्हतं.

बाजार भरात होता. नमिता पाटावर बसून सुरमई कापत होती, शेजारी बर्फाचं घमेलं, समोर दोन बायका घासाघीस करत होत्या. टीचरांना बघून ती उठायला लागली. "बस, बस," टीचर म्हणाल्या, आणि वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं त्यांच्या डोक्यातून पार पुसलं गेलं. "नमिता, नववीचा पेपर आठवतो तुला? पाचवा प्रश्न?"

नमिताचा कोयता सुरमईत अर्धा रुतला होता. तिनं वर पाहिलं. "अठ्ठावीस आन पन्नास," ती म्हणाली. लगेच. आठवायला न थांबता.

"तुला आकडे पाठ आहेत?"

"पाठ काय, टीचर." ती ओशाळी हसली. "अजून कदी कदी गिऱ्हाईक नसला की बसल्या बसल्या करून बघतंय. मना पन्नास व्हतच नाय. मना वाटला, पुढच्या वर्गान शिकवीत असतील, असा चौकोन कसा व्हते त्यो. आमी पुढं गेलूच नाय, तर कलनार कसा!"

टीचरांनी ऐकलं. बाजारात त्या वेळी पन्नास माणसं बोलत असतील, कुणीतरी रिक्षावाला हॉर्न मारत होता, पण टीचरांना हे एवढंच ऐकू आलं. सव्वीस वर्षं. मरणाच्या रेघा त्या कॅलेंडरवर दोनशे सतरा होत्या, हिच्या किती असतील? त्यांना वाटलं होतं, ही रागावलेली असेल, मनात धरून असेल, आपण गेलो की बोल लावेल, आणि आपण ऐकून घेऊ. पण हिनं तर कधी पेपरवर संशयच घेतला नाही. बरोबर उत्तर लिहून आली आणि आपलीच अक्कल कमी म्हणून गप्प बसली, करून करून बघत राहिली. हे शिकवलं कुणी तिला? आम्हीच शिकवलं. गणित नाही शिकवलं, हे शिकवलं.

"होत नाही," टीचर म्हणाल्या. "नमिता, पन्नास होतच नाही. पुढच्या वर्गात पण नाही, कॉलेजात पण नाही. असा आयत नसतो. तू लिहिलंस ते बरोबर होतं. पेपर चुकला होता. मी चुकले होते. मी सोडवून बघितलाच नव्हता."

समोरच्या बाईनं विचारलं, "ओ मावशी, सुरमई देताय ना?" नमिताला ऐकू गेलं नाही. तिनं ओलं बोट पाटाच्या कडेवर टेकवलं आणि एक चौकोन काढला, चारी बाजू सारख्या. वर सात, बाजूला सात. मधे एकोणपन्नास. लाकडानं पाणी शोषेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. "म्हंजे," ती म्हणाली, "मी पास व्हती?"

"पास. बत्तीस आणि पाच. सदतीस."

"सदतीस," नमिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं का, ते टीचरांना नीट दिसलं नाही, त्यांच्याच डोळ्यांत आलं होतं. "बापूस मेला माजा. आयस हाय अजून. ती सगल्यांना सांगते, पोरगी डोक्यान कमी, म्हनून मासलीच्या पाटीवर बसवली." तिनं कोयता ओढून काढला, बाजूला ठेवला. मग पदराला हात पुसून, दोन्ही बाजूंनी नीट पुसून, पुढे केला. "लिवून द्या, टीचर."

टीचरांनी पर्समधून सामानाच्या यादीचा कागद काढला, त्याच्या पाठीवर सोडवलेलं गणित होतंच. पेन काही सापडेना. शेजारच्या कोळंबीवालीनं कानामागचं पेन काढून दिलं. नमितानं ते बघितलं आणि मान हलवली. "निला नको," ती म्हणाली. "लाल पायजे. लालच व्हता तवा."

टीचर वळल्या. रस्त्यापलीकडे झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान होतं. सिग्नल नव्हता, त्या तशाच मध्ये शिरल्या, एक स्कूटरवाला काहीतरी बोलून गेला. "लाल पेन द्या," त्या म्हणाल्या. रिटायर झाल्यापासून त्यांनी लाल पेन घेतलं नव्हतं. ओळखीच्या दुकानदारानं पेनाचं टोपण काढलं आणि चालतंय का बघायला एक रद्दी कागद पुढे सरकवला. "रेघ मारून बघा, टीचर." फातिमा टीचरांनी पेन टेकवलं. रेघ मारायला हात होईना. त्यांनी सदतीस लिहिलं, आणि ते नीट उमटलंय का बघायला चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचलं.